काम अर्धवट ठेवायची शिकवणी

मिक्सरताईंचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मध्ये उरलेली फट. डावीकडे झेरॉक्सवाला, उजवीकडे ड्रायक्लीनर, आणि मध्ये ताई, एक लाकडी टेबल, मान वाकवता येणारा दिवा आणि भिंतभर टांगलेली आजारी यंत्रं. मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन, केस वाळवायची यंत्रं. गिऱ्हाईक आत आलं की त्याला वळायला जागा नसे. आल्या पावली उलटं चालतच बाहेर पडावं लागे. त्यामुळे ताईंना पाठ दाखवून गेलेलं गिऱ्हाईक आजवर नाही, असं झेरॉक्सवाला म्हणायचा.

ताईंचा हात चांगला होता, पण त्यांच्या दुकानाची खरी ख्याती होती ती त्यांच्या हट्टामुळे. टेबलावर एका वेळी एकच यंत्र उघडं. ते मिटल्याशिवाय दुसऱ्याच्या स्क्रूला हात लागणार नाही. हा नियम त्यांना धंदा शिकवणाऱ्या वडिलांचा. तरुणपणी वडिलांनी एकदा दोन इस्त्र्या एकदम उघडल्या होत्या आणि मिटल्या तेव्हा बशीत चार स्क्रू उरले होते. ते कोणाचे, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून घरात आग लागली तरी आधी हातातलं यंत्र मिटायचं, मग बादली शोधायची, असा खाक्या.

"ताई, माझं नुसतं बटण बदलायचंय हो. दोन मिनिटांचं काम!" एखादी बाई कळवळून म्हणायची.

"दोन मिनिटांचंच ना? मग बसा की. एवढं मिटलं की घेते."

आणि बसायला जागा नसल्यामुळे ती बाई उभीच राहायची.

या टेबलाखाली, रिकाम्या खोक्यांच्या मधोमध, ताईंची मुलगी लहानाची मोठी झाली. तिचं शाळेतलं नाव काहीही असो, सगळा रस्ता तिला ठिणगी म्हणायचा. रांगत्या वयात तिनं एकदा प्लगशी जो काही उद्योग केला होता, त्याची ती आठवण. ठिणगी शाळेतून आली की टेबलाखाली बसून अभ्यास करायची आणि वर आईचं काम चालू असायचं. एक गणित सुटेपर्यंत दुसरं नाही, एक धडा संपेपर्यंत पाणी प्यायला उठणं नाही. ताई हे बघायच्या आणि मनातल्या मनात फुगायच्या. पोरीनं आपला हात घेतलाय, असं त्यांना वाटायचं.

तर या ठिणगीनं त्या वर्षी मोठ्या शाळेत जायचं काढलं.

तिची आताची शाळा प्राथमिक. पुढचे वर्ग तिथं नव्हतेच. पुढे दोनच वाटा होत्या. एक म्हणजे गल्लीच्या टोकाची शाळा, जिथं प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते शिक्षक निवृत्त होऊन गावी गेले होते. दुसरी म्हणजे टेकडीवरची मोठी शाळा. तिथं प्रवेश हवा तर निवड परीक्षा, आणि ती जन्मात एकदाच देता येते. मोठ्या शाळेनं एकदा गावातल्या सगळ्या मुलांना शाळा बघायला बोलावलं होतं. ठिणगी बघून आली ती पेटूनच आली.

"आई, तिथं एका खोलीत मुली स्वतः मोटर बनवतात. बिघडलेली दुरुस्त नाही करत, नवी बनवतात! मला तिथंच जायचंय."

ताईंना स्वतःला शाळेचा फार जिव्हाळा होता अशातला भाग नव्हता. त्यांना वर्गात झोप यायची आणि ती त्यांनी कधी फारशी अडवलीही नव्हती. आपलं अपुरं स्वप्न मुलीच्या डोळ्यांत वगैरे बघायला त्यांच्याकडे अपुरं स्वप्नच नव्हतं. पण पोरगी प्रथमच काहीतरी मागत होती, आणि जे मागत होती ते दुकानात मिळण्यासारखं नव्हतं. ताईंनी हातातला टेबलफॅन मिटला आणि म्हणाल्या, "जायचंय ना? मग जायचं."

एवढं बोलून झाल्यावर त्या मागे हटणाऱ्या नव्हत्या. मागच्या रस्त्यावर गणिताच्या एक निवृत्त बाई आपल्या पुढच्या खोलीत मोजक्या मुलांची तयारी करून घेत. त्यांच्याकडे ठिणगीचं नाव घातलं. झेरॉक्सवाल्याकडे जुन्या प्रश्नपत्रिका होत्याच. अख्ख्या गावाची पोरं त्याच्याच यंत्रातून परीक्षेला जायची.

"ताई, एक सांगू?" गठ्ठा देताना तो म्हणाला. "अडलं की 'ब' लिहायचं. मी सगळे पेपर बघितलेत. 'ब'ला मरण नाही."

"म्हणून तुम्ही झेरॉक्स काढता का?"

"म्हणजे काय! 'ब' लिहून इथपर्यंत पोचलो."

पहिली सराव परीक्षा झाली. ठिणगी पेपर नाचवत दुकानात आली. ताईंनी सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवून पानं उलटली. बरोबर, बरोबर, बरोबर. अवघडातलं अवघड गणितही बरोबर. एकही चूक नाही! मग पान उलटलं तर कोरं. त्याच्या पुढचंही कोरं. निम्म्यापासून शेवटपर्यंत पेपर नुसता पांढराशुभ्र.

"वेळ संपला," ठिणगी म्हणाली.

"असू दे. केलंयस ते चोख आहे. सवयीनं वेग येईल."

वेग आला नाही. दुसऱ्या सरावातही तेच, तिसऱ्यातही तेच. चौथ्यानंतर बाईंचा निरोप आला, आईला पाठवून दे. निरोपाबरोबर बाईंचा मिक्सरही आला, कारण तोही बंद पडला होता आणि बाई एका फेरीत दोन कामं करणाऱ्यांतल्या होत्या.

ताई गेल्या त्या जरा छाती काढूनच. बाईंनी समोर चारही पेपर मांडले.

"एकही चूक नाही," ताई म्हणाल्या.

"एकही चूक नाही आणि नापास," बाई म्हणाल्या. "हा बघा सातवा प्रश्न. अवघड आहे. मुद्दाम मध्ये पेरलेला असतो, मुलं अडकावीत म्हणूनच. बाकीची मुलं बघतात, डोकं खाजवतात, पुढे जातात. ही इथं ठाण मांडून बसते. उत्तर आणते, नाही असं नाही. पण तोवर पुढचे दहा सोपे प्रश्न वाट बघून मरतात. मी म्हटलं, अगं, सोडून पुढे का जात नाहीस? तर मला म्हणते कशी, 'बाई, एक उघडं टाकून दुसऱ्याला हात लावायचा नसतो.' हे हिला कोणी शिकवलं?"

ताई बाईंच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी."

"तुम्ही?"

"आणि माझ्या वडिलांनी. पण ते आता सापडायचे नाहीत. मलाच धरा."

बाई हसल्या नाहीत. "मुलगी हुशार आहे. पण ही सवय गेली नाही तर मोठी शाळा विसरा. मी स्पष्ट बोलते."

"स्पष्टच बोला. विसरणार नाही," ताई म्हणाल्या आणि उठल्या.

घरी येऊन त्यांनी ठिणगीला समोर बसवलं. अडलं की सोडायचं, पुढे जायचं. समजलं? समजलं. दुसऱ्या दिवशी सराव, आणि ठिणगी पुन्हा सातव्यावर बसलेली. बेकरीची गाडी चालवणारे तिचे बाबा मदतीला धावले. त्यांनी गजराचं घड्याळ आणलं आणि गजर झाला की "चल पुढे!" असं ओरडायचं ठरवलं. दोन गजर झाले आणि ठिणगी रडायला लागली, तिसऱ्या गजराला शेजारी ओरडायला लागले.

"मला जमत नाही!" ठिणगी हुंदके देत म्हणाली. "सोडलं की ते डोक्यात उघडंच राहतं. पुढचं वाचताच येत नाही. आणि तू तरी सोडतेस का कधी? तू कधीच सोडत नाहीस!"

बाबांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी गजराच्या घड्याळाकडे बघितलं.

"बरोबर आहे तिचं," ताई म्हणाल्या. "उद्यापासून मी सोडते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ठिणगी शाळेतून आली तर टेबलावर पाच यंत्रं ओळीनं मांडलेली. बाईंचा मिक्सर, दोन इस्त्र्या, एक टेबलफॅन आणि केस वाळवायचं यंत्र. ताईंनी लेकीच्या हातात गजराचं घड्याळ दिलं.

"तू गजर लाव. तो झाला की 'पुढचं' म्हण. मी हातात काय असेल ते ठेवून पुढचं घेणार. मी ऐकलं नाही तर माझ्या हातावर पट्टी मार."

"खरंच मारू?"

"हळू मार. याच हातांनी कमवायचंय."

ठिणगीचे डोळे चमकले. आईवर हुकूम चालवायची संधी कोणतं पोर सोडेल? ताईंनी मिक्सर उघडला. मोटरला वीज पोचवणारे कार्बन झिजले होते, ते काढायला स्क्रूड्रायव्हर लावला, स्क्रू अर्धा फिरला आणि गजर वाजला.

"पुढचं!"

"एवढा स्क्रू काढते आणि..."

"पुढचं! आई, पट्टी!"

ताईंनी मिक्सर ठेवला. हात इस्त्रीवर होता आणि जीव मिक्सरमध्ये. इस्त्रीची कॉइल समोर असून त्यांना दिसेना. कपाळावर घाम आला. लग्नात एवढा आला नव्हता. "पुढचं!" इस्त्री ठेवली, फॅन घेतला. "पुढचं!" दारात झेरॉक्सवाला येऊन उभा राहिला होता, त्याच्यामागे ड्रायक्लीनर.

"ताई, हे काय, सर्कस काढली?"

"परीक्षेची तयारी चाललीय."

"कोणाची?"

"माझी," ताई म्हणाल्या आणि फॅनचा स्क्रू खाली पाडला.

पहिल्या दिवशी पाचांतलं एकही यंत्र मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन मिटली. तिसऱ्या दिवशी बाईंचा मिक्सर दुरुस्त होऊन घरी गेला, आणि संध्याकाळी बाई स्वतः तो परत घेऊन दुकानात आल्या. त्यांच्या केसांत, चष्म्यावर आणि एका कानावर टोमॅटो होता.

"चालू केला," बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "तर तो चालायलाच लागला. ओट्यावरून. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी धरायला गेले तर झाकण उडालं. छतावर बघवत नाही."

ताईंनी मिक्सर उलटा केला. खालच्या रबरी पायांना फॅनचे स्क्रू लागलेले. दोन पाय वाटेतच गळून पडले होते. इतक्या वर्षांत ताईंच्या टेबलावरून असं काम गेलं नव्हतं. टेबलाखालून ठिणगी बाहेर आली, तोंड एवढंसं करून.

"मीच 'पुढचं' म्हणाले होते, बाई."

"मला शिकवणी चालली होती," ताई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलेलीच. सोडून पुढे जायची."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. टोमॅटो आणखी पसरला. "म्हणजे माझंच औषध माझ्या डोक्यावर," असं म्हणून त्या हसायला लागल्या ते थांबेनातच.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "बास कर आता. पोरीच्या शाळेपायी दुकानाचं नाव घालवशील."

"नाव परत मिळवता येईल. परीक्षा परत देता येत नाही."

"अगं, पण हे तुला जमत नाहीये, दिसतंय ना?"

"म्हणून तर करायचं. मला आयतं जमत असतं तर तिला काय दाखवलं असतं?" ताईंनी ताट बाजूला सारलं. "मला कळलंय कुठं चुकतंय. ठेवायला जमतं हो आता. परत आले की कळत नाही मी कुठं होते. मग सगळं पहिल्यापासून चाचपडत बसते. म्हणून हात ठेवायला धजत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक यंत्राला खोक्याचं एकेक झाकण दिलं. त्याचे स्क्रू त्याच्या झाकणात. आणि गजर झाला की यंत्र ठेवण्याआधी, जिथं हात थांबला तिथं लाल दोऱ्याची एक गाठ. स्क्रू काढायचा राहिला तर स्क्रूला गाठ. तार तपासायची राहिली तर तारेला. एवढं करायला पापणी लवायचा अवकाश. पण परत आलं की दोरा सांगायचा, ताई, तुम्ही इथं होतात.

"पुढचं!" ठिणगी म्हणाली. ताईंनी गाठ मारली, इस्त्री घेतली, आणि त्यांना कॉइल दिसली. तुटलेली, अगदी डोळ्यांसमोर. मिक्सर पाठीमागे उघडा पडला होता आणि तरी दिसली.

"आई!" ठिणगी म्हणाली. "आत्ता तू मागे वळून बघितलं नाहीस."

"नाही ना?" ताई स्वतःच चकित झाल्या. "बघ की. नाही बघितलं."

ठिणगीनं गजर बंद केला. टेबलाखालून पेपर आणला आणि आईच्या समोर, खोक्यावर ठेवला. "आता तू 'पुढचं' म्हण."

ताई एका डोळ्यानं घड्याळ बघत राहिल्या. सातव्या प्रश्नाला ठिणगीचं पेन थांबलं. भुवया जवळ आल्या. ताई म्हणाल्या, "पुढचं." ठिणगीनं ओठ चावला. प्रश्नाच्या बाजूला, जिथंवर विचार पोचला होता तिथला आकडा लिहिला, त्याभोवती एक छोटासा गोल केला आणि आठव्याला लागली. तो सोपा होता. नववाही. बारावा अडला, पुन्हा गोल. त्या दिवशी ती पाऊण पेपरापर्यंत पोचली आणि दोन ठिकाणी चुकलीसुद्धा. चुका बघून तिचं तोंड उतरलं. ताईंनी मात्र ड्रायक्लीनरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "दोन चुका! शाब्बास!"

झेरॉक्सवाल्यानं पलीकडून ओरडून विचारलं, "'ब' लिहिलं का?"

मग रोज तेच. बाईंकडे सराव, दुकानात सराव, बेकरीच्या गाडीत मागे रिकाम्या ट्रेंच्या खडखडाटात सराव, बाबा सिग्नलला थांबले की "पुढचं!" म्हणायचे, कधीकधी पुढच्या रिक्षालाच. एखादा दिवस चांगला जायचा, तर एखाद्या दिवशी ठिणगी पुन्हा हट्टाला पेटून एकाच गणिताशी कुस्ती खेळायची आणि हरायची. ताई रागवायच्या नाहीत असं नाही. एकदा तर एवढ्या रागावल्या की हातातला मिक्सर जुना मोडका असता तर फेकला असता. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर झाकणं मांडलेली असायची.

परीक्षेचा दिवस उजाडला. टेकडीवरच्या फाटकाशी आईबापांची ही गर्दी. एक गृहस्थ आपल्या मुलाकडून शेवटच्या क्षणी सूत्रं म्हणून घेत होते आणि स्वतःच चुकत होते. एक बाई मुलीला सांगत होत्या, "घाबरायचं नाही, अजिबात घाबरायचं नाही," आणि त्यांचा आवाज एवढा कापत होता की मुलगीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. ताईंनी ठिणगीला काही सांगितलं नाही. सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं, आणि आत त्यांना "पुढचं" म्हणता येणार नव्हतं.

मुलं आत गेली. आईबाप फुटपाथवर बसले. ताईंचे हात रिकामे होते आणि त्यांना रिकाम्या हातांची सवय नव्हती. शेजारच्या गृहस्थांच्या छत्रीची काडी निखळलेली दिसली, ती त्यांनी मागून घेतली आणि बसवली. मग ती परत काढली आणि पुन्हा बसवली.

घंटा झाली. ठिणगी बाहेर आली ती चेहऱ्यावर काहीच न दाखवता. ताईंनी तिचा हात धरला, गर्दीतून बाजूला नेलं.

"किती राहिले?"

"तीन." ठिणगीनं मान खाली घातली. "गोल केलेल्यांतले दोन परत येऊन सोडवले. तीन राहिले. उघडेच."

तीन उघडे टाकून उठून येणं म्हणजे काय, हे त्या फुटपाथवर ताईंइतकं कोणालाही ठाऊक नव्हतं. कोणते, किती पोचली होतीस, अजून एक मिनिट असतं तर, असे सगळे प्रश्न जिभेच्या टोकाशी आले. ताईंनी ते गिळले.

"राहू देत," त्या म्हणाल्या. "शेवटच्या पानापर्यंत गेलीस?"

ठिणगीनं एकदम वर बघितलं. "गेले! आई, शेवटचं पान सगळ्यात सोपं होतं! सरळ बेरजा-वजाबाक्या. अगं, इतके दिवस मला माहीतच नव्हतं शेवटी असलं काही असतं."

"मलाही नव्हतं," ताई म्हणाल्या, आणि दोघी रस्त्यातच हसत सुटल्या.

निकाल लागेपर्यंत बाबांनी दोनदा चुकीच्या बेकरीत माल उतरवला. ताईंनी मात्र कोणालाच निकालाविषयी बोलू दिलं नाही. लागला त्या दिवशी तिघंही टेकडी चढून गेली. फळ्यावरच्या यादीत ठिणगीचा नंबर होता. वरून शोधायला घेतलं तर दमछाक व्हावी एवढ्या खाली होता, पण होता. बाबांनी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मिठी मारली. त्या माणसाच्या मुलाचा नंबर नव्हता, हे कळल्यावर ते त्याची माफी मागत बसले.

ताईंनी नंबर बोट ठेवून वाचला. मग ठिणगीला वाचायला लावला. मग एका शिक्षकांना थांबवून त्यांनाही वाचायला लावला.

"हो, हाच," शिक्षक म्हणाले. "अभिनंदन. त्या खिडकीवर जा, तिथं पुढचं सगळं सांगतील."

ठिणगी आईचा हात ओढायला लागली. "चल ना!"

"मी कशाला?" ताई म्हणाल्या. "शाळा तुझी. तू जा आणि नीट विचारून ये. बस किती वाजता, पुस्तकं कुठं, आणि ती मोटरची खोली कोणत्या वर्गापासून."

ठिणगीनं क्षणभर आईकडे बघितलं, मग केसांवरून हात फिरवला आणि एकटीच चालत जाऊन रांगेत उभी राहिली. पुढे चार मोठी माणसं होती. मागून आलेले एक काका मध्येच तिच्या पुढे घुसायला लागले.

"काका, रांग इथून आहे," ठिणगी म्हणाली.

काका मुकाट मागे गेले.